मोजणाऱ्यांचं वजन

“सिस्टर, पावणेदोन किलो वाढलं,” शेख म्हणाला.

“कुणाचं?”

“तुमचं.”

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पन्नासेक माणसं बसली होती. मागच्या रांगेतली एक बाई फिसकन हसली, आणि तिच्यामागे सगळा ओटा हसला. मी काट्यावरून उतरले. काटा शून्यावर आला का ते बघितलं. पुन्हा चढले. पावणेदोन किलो. काट्याची काही चूक नव्हती.

मी आरोग्य सहायिका आहे. जालना जिल्ह्यात नोकरीला एकवीस वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा घनसावंगी तालुक्यात. त्या वर्षी वरून लठ्ठपणाचा कार्यक्रम आला होता. एक गाव निवडायचं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं वजन, उंची, कंबर, बीपी आणि शुगर घ्यायची. मग तीन महिने घरोघर जाऊन खाण्यापिण्याच्या सवयींबद्दल बोलायचं आणि शेवटी पुन्हा सगळ्यांना मोजायचं. पहिल्या मोजणीला बेसलाइन म्हणतात, म्हणजे सुरुवातीचा आकडा. गाव मीच निवडलं. नाव लिहीत नाही, कारण मला तिथं अजून जावं लागतं. घनसावंगीहून जीपनं पाऊण तास, गोदावरीच्या अंगाला, चहूबाजूंनी ऊस.

कंबर कशाला मोजता, हे सगळेच विचारतात. वजन सगळ्या अंगाचं असतं, पोटावरची चरबी त्यात लपून जाते. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, अशी माणसं आपल्याकडे भरपूर. शुगर आणि बीपी बहुतेक वेळा याच पोटामागून येतात. म्हणून बाईला ऐंशी सेंटीमीटर आणि पुरुषाला नव्वद अशी रेघ आखलेली आहे. कंबर त्यावर गेली की आम्ही नाव लाल पेनानं लिहितो.

मला याद्या करायची सवय आहे. या कार्यक्रमाचा प्लॅन करताना यादीतली पहिली ओळ अशी होती: ‘टीमने आधी स्वतःचे मोजावे व आकडे गावासमोर लावावेत. याने विश्वास वाढतो.’ टीएचओ साहेबांनी, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी, त्या ओळीखाली दोन रेघा मारून ‘व्हेरी गुड’ लिहिलं होतं. तो कागद अजून फाइलला आहे.

टीम तिघांची होती. मी, रक्त तपासणारा लॅब टेक्निशियन शेख आणि त्याच गावची आशा कार्यकर्ती मंदा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. त्यात सर्वात वर आमची तीन नावं. महिना झाल्यावर गावासमोर आमची पुन्हा मोजणी झाली, आणि तिघांचीही वजनं वाढलेली निघाली. शेख सव्वा किलो. मंदा एक. पहिला नंबर माझा.

द्वारकामावशी उठून उभ्या राहिल्या. “सिस्टर, आम्हाला साखर कमी करा, तेल कमी करा म्हणून राह्यले. अन् आमच्या वाटचं तुम्हीच खाऊन राह्यले का काय?”

ओटा पुन्हा हसला. या वेळी शेखही हसला, ते मी लक्षात ठेवलं.

द्वारकामावशी साठीच्या. गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष. अंगानं भरभक्कम, आवाज त्याहून. गावात बेसलाइनला टेप लावू न दिलेली ही एकच बाई. कारण मंदानं मला नंतर सांगितलं. मावशींची थोरली बहीण एकदा तपासायला गेली, तिला शुगर निघाली, आणि वर्षभरात पायाचं एक बोट काढावं लागलं. मावशींच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं: मोजलं म्हणून बोट गेलं. मंदा शेजारीच राहायची. मावशी दिवसभर घटाघट पाणी पितात, रात्रीतून चार वेळा उठतात आणि टाचेची एक भेग दोन महिने भरत नाही, हे तिनं पाहिलं होतं. शुगर वाढल्याची ही पुस्तकात लिहिलेली लक्षणं आहेत. म्हणजे अख्ख्या गावात जिला मोजायची सर्वात जास्त गरज, तीच टेपला हात लावू देत नव्हती.

मी म्हणाले, “मावशी, आमचं जाऊ द्या. तुमचं तेवढं आजच बघू. एक थेंब रक्त लागतं.”

“आता न्हाई. तीन महिन्यानं परत मोजणार ना तुम्ही? तवा तुमचा आकडा पयल्या आकड्याच्या खाली आला, तर मी टेप बी लावून घेईन अन् रक्त बी देईन. न्हाई आला, तर माझ्या दारात फक्त चहाला यायचं. टेप घेऊन यायचं न्हाई.”

“आणि गटातल्या बायका पुन्हा मोजायला येतील का?”

“मी आले तर येतील.”

अशी शर्त लागली. माझ्याकडे दोन महिने होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आम्ही तिघांनी काय काय खाल्लं याची यादी केली. घरचा नाश्ता तोच. डबा तोच. महिन्यात नवीन काय आलं ते शोधायचं होतं. शेखनं यादीकडे बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडे.

“चहा,” तो म्हणाला.

दिवसाला आठ घरं. आठ घरी आठ चहा. गोदाकाठी चहात साखर चमच्यानं पडत नाही, मुठीनं पडते. उसाचं गाव, तिथं साखरेत हात आखडला तर लोक काय म्हणतील? शिवाय कपासोबत बशी असते आणि बशी रिकामी येत नाही. पोहे, शेव, बिस्किटं. आम्ही घरात बसून ‘साखर कमी करा’ म्हणत होतो, हातात गोड चहाचा कप धरून. आणि घरातले आमच्याबरोबर पुन्हा एक कप घेत होते. आमच्यामुळे गावाचाही चहा वाढला होता.

चहा टाळायचा, असं ठरलं. हे ऑफिसात बसून सोपं वाटतं.

पहिल्या घरी मी सरळ म्हणाले, “चहा नको.” घरच्या बाईचा चेहरा पडला. “का ओ ताई? आमच्या घरचा चालत न्हाई का?” मी मुकाट्यानं कप घेतला. माझी आई गावोगाव बाळंतपणं करायची. काही घरांत तिला कप वेगळा मिळायचा, आणि तो बाहेरच ठेवलेला असायचा. मला सगळ्यांच्या कपात चहा मिळतो. तो नको म्हणायला माझी जीभ उचलत नाही. हे कारण यादीत लिहिलं नाही, पण खरं कारण तेच.

दुसरा उपाय मंदाचा. “उपास आहे म्हणायचं.” तिनं पहिल्या घरी तसं सांगितलं. दहा मिनिटांत साबुदाण्याची खिचडी आली, तिच्यावर शेंगदाण्याचं कूट. बातमी आमच्यापुढे चालत गेली. दुसऱ्या घरी रताळ्याचा गोड कीस तयार, तिसऱ्या घरी शेंगदाण्याचे लाडू, चौथ्या घरी केळी आणि दूध. “उपासाचं माणूस, पोटाला आधार नको का?” मला आणि शेखला उपास नव्हता, म्हणून आम्हाला नेहमीचं आणि वर मंदाचं उरलेलं. त्या महिन्यातला सर्वात जास्त खाण्याचा दिवस तो, उपासाचा.

मग शेखनं स्वतःला शुगर असल्याचं जाहीर केलं. त्यानं काहीतरी थांबेल असं आम्हाला वाटलं होतं. पण त्याला गुळाचा चहा मिळाला. “साखर न्हाई भाऊ, घरचा गूळ हाय. गुळानं काय होत न्हाई.” एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. प्रत्येक घरात शुगरचं एक औषध होतं. एका घरी कारल्याचा रस, एका घरी जांभळाच्या बियांची भुकटी, एका घरी रात्रभर भिजवलेल्या मेथ्या, त्याही पाण्यासकट. पाचव्या घरानंतर शेख लिंबाखाली जाऊन बसला. म्हणाला, “सिस्टर, मला एकदम बरं वाटून राह्यलंय, पण आता उठता येत न्हाई.” दुपारचं काम रद्द.

अर्धा कप मागून बघितला. अर्धा संपला की किटली घेऊन बाई पुन्हा हजर. अर्धा कप दोनदा म्हणजे एक कप, आणि वर आग्रहाचा पाव.

शेवटी मी घरून बिनसाखरेच्या चहाचा थर्मास आणला. “माझा चहा माझ्याजवळ आहे, आपण बसून सोबत पिऊ.” हा उपाय मला सर्वात पक्का वाटत होता. घरच्या आजीबाईंनी कौतुकानं थर्मास हातात घेतला, आत नेला, आणि पाच मिनिटांनी परत आणला.

“सिस्टर, तुमच्या घरचे साखर टाकायला विसरले व्हते. मी टाकून आणली.”

त्याच आठवड्यात टीएचओ साहेबांचा फोन आला.

“गायकवाड सिस्टर, प्रोग्रेस काय?”

“सर, बायका सकाळी फिरायला निघाल्यात. शाळेपुढचा तळणाचा गाडा आता फुटाणे आणि उकडलेल्या शेंगाही ठेवतो. पण टीमचं वजन वाढतंय.”

“टीमचं कुणी विचारलं?”

“फॉरमॅटमध्ये कॉलम आहे सर.”

“कुणी टाकला?”

“मीच.”

“मग काढून टाका.”

“भिंतीवर लागलंय सर.”

“शेवटच्या मोजणीला मी स्वतः येतोय,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आमची सोंगं द्वारकामावशींच्या कानावर गेलीच होती. पुढच्या मंगळवारी त्यांनी आम्हाला निरोप पाठवून बोलावलं, फक्त चहाला. टेप पिशवीतच ठेवून आम्ही गेलो. मावशींचे मालक बापूराव पलंगावर बसले होते, सून दारात उभी होती.

“एक दिवस उपास, एक दिवस शुगर. सिस्टर, गावाला येडं समजता का?”

मग त्यांनी ट्रे आणला. चार कप चहा आणि मधोमध साखरेचा स्टीलचा डबा, झाकण उघडं, आत चमचा.

“बिनसाखरेचा हाय. अपमान बी न्हाई, बळजबरी बी न्हाई. घ्या, ज्याला जेवढी पायजे तेवढी. मी बघते.”

आणि त्या खरंच बघत बसल्या. हाताची घडी घालून.

शेखनं अर्धा चमचा घेतला, वर बघितलं, आणि त्यातला अर्धा परत डब्यात टाकला. मंदानं चमचा उचलला आणि नुसता डब्यातली साखर सारखी करून ठेवला. मी घेतलीच नाही. राहिले बापूराव. ते रोज तीन चमचे घेतात, हे सुनेनं आम्हाला बेसलाइनलाच सांगितलं होतं. त्यांनी आमच्या कपांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि एक चमचा घेतला. तोही सपाट.

“काहून, कमी पडली का?” मावशींनी विचारलं.

“बराबर हाय,” बापूराव म्हणाले. त्यांचं तोंड मात्र वेगळं सांगत होतं.

मी पिशवीतून वही काढली. मावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या, “आता ह्यात काय लिहिण्यासारखं झालं?” पण झालं होतं. आपल्याकडे पाहुण्याला समोर आलेलं नको म्हणता येत नाही. हे आम्ही महिनाभर भोगलं. पण त्याच पाहुण्याला अजून द्या असंही म्हणता येत नाही. संकोच तोच. साखर कपात असली की तो प्यायला लावतो, आणि डब्यात असली की हात आखडायला लावतो. आम्ही लोकांचा संकोच घालवायला निघालो होतो. घालवायची गरजच नव्हती. साखर तेवढी कपातून डब्यात न्यायची होती.

“मावशी, हे गटात चालू करता येईल?”

“कशासाठी? माझी शर्त तुम्हाला जिंकू देण्यासाठी?”

“हो.”

त्यांना हे उत्तर आवडलं असावं. गुरुवारी गटाची बैठक होती.

बैठकीत एक बाई म्हणाली, “फिक्का चहा दिला म्हणून गावभर बोभाटा व्हईल.”

“फिक्का कुठं? डबा पुढ्यात हाय ना,” मावशी म्हणाल्या. “कुणी हात धरलाय का?”

“अन् आमच्या घरचे चमचेच्या चमचे घेतील तर?”

यावर मंदानं तोड काढली. लहान मुलांच्या सायरपच्या बाटलीसोबत प्लास्टिकचा एवढासा चमचा मिळतो. असे चमचे प्रत्येक घरात दोनचार पडून होते. तोच डब्यात ठेवायचा. सहा वेळा डब्यात हात घालायला माणूस फार निर्लज्ज लागतो.

गटातल्या बावीस घरांनी सुरू केलं, आणि न सांगता शेजारच्यांनीही. एका घरी मुलगी बघायला पाहुणे आले, त्यांच्यापुढंही डबाच गेला. मुलाच्या आईनं साखर घेतली नाही, म्हणून वडिलांनी घेतली नाही, म्हणून मुलानं घेतली नाही. जाताना ‘लई शिस्तीचं घर’ म्हणाले. लग्न ठरलं. हे रिपोर्टमध्ये टाकायचा शेखचा फार आग्रह होता. मी टाकू दिलं नाही.

आम्ही जीप फाट्यावरच सोडून पुढचे दोन किलोमीटर चालत जायला लागलो. बाकीचं नेहमीचं चालू होतं. तेलाची बाटली महिन्याला किती, भाकरी किती, बसून राहणं किती. मावशींची टाच मंदा रोज धुऊन पट्टी करायची. तेवढं त्या करू देत होत्या, कारण पट्टीवर आकडे नसतात.

शेवटच्या मोजणीच्या दिवशी ओटा भरला होता. टीएचओ साहेब आले. आल्या आल्या त्यांच्यापुढं ट्रे आला. आमचे साहेब गोड चहाचे. कार्यक्रमाचं त्यांना माहीत होतं, पण हात सवयीनं गेला. एक चमचा. दोन. तीन. ओट्यावर कुजबुज थांबली. चार. पाचव्याला मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, “पाच.” साहेबांचा हात हवेत थांबला.

“घ्या साहेब, घ्या,” द्वारकामावशी म्हणाल्या. “लाजू नका. आम्ही फक्त मोजून राह्यलो.”

पाचवा चमचा डब्यात परत गेला.

मग आमची मोजणी. शेख पहिल्या आकड्याच्या आठशे ग्रॅम खाली. टाळ्या. मंदा अर्धा किलो खाली. टाळ्या. मी चढले. शेखनं आकडा वाचला, मग तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पहिल्या दिवशीचा जो आकडा तोच. वर नाही, खाली नाही.

“खाली म्हणलं व्हतं,” मावशी म्हणाल्या. “बराबर असं न्हाई म्हणलं.” आवाज मोठा होता, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, हातातल्या रुमालाशी चाळा करत होत्या. मला वाटतं, त्यांना हरायचं होतं.

साहेब माझ्या कानाशी आले. “शंभर ग्रॅम कमी लिहून टाका. काय फरक पडतो?”

“लिहिता येणार नाही सर.”

“अगं बाई,” मावशी एकदम ओरडल्या, “ती पिशवी तर खाली ठेव!”

माझ्या खांद्याला वह्यांची पिशवी होती. ती कायम असते, मला जाणवतही नाही. मी ती शेखकडे दिली. काटा सातशे ग्रॅम खाली आला. ओट्यावर शिट्ट्या वाजल्या. साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. मावशी उठल्या, पदर खोचला.

मी आकडा लिहायला वही उघडली. पहिल्या दिवशीच्या नोंदीशेजारी, समासात, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पिशवीसह.’

वही मिटता आली असती. ते अक्षर माझ्याशिवाय कुणी वाचलं नसतं.

“मावशी,” मी म्हणाले, “पहिल्या दिवशीसुद्धा पिशवी होती.”

“म्हणजे?”

“म्हणजे आकडा तेवढाच आहे. बराबर.”

साहेबांनी डोळे मिटून घेतले. द्वारकामावशी माझ्याजवळ आल्या, वहीत डोकावल्या, समासातल्या शब्दावर बोट ठेवलं.

“इथं लिहिलंय?”

“हो.”

“साहेब शंभर ग्रॅम सोडायला तयार, अन् ही बाई जिंकलेली शर्त परत देऊन राह्यली.” त्या हसायला लागल्या. हसता हसता खुर्चीत बसल्या आणि हात पुढे केला. “स्वतःचं खोटं लिहीत न्हाई, तर माझं बी खरंच लिहिशील. आण तुझी टेप. पण हळू वाच.”

मी हळू वाचलं. शहाण्णव सेंटीमीटर. शेखनं बोटाला टोचून मशीन लावलं. शुगर रेघेच्या बरीच वर होती. मावशींनी आमच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

“बोट जाईल का?”

“तुमच्या बहिणीला शुगर कळली तेव्हा ती शुगर किती वर्षं जुनी होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. तुमची आज कळली. टाच अजून भरण्यासारखी आहे. उद्या आरोग्य केंद्रात पक्की तपासणी, मग गोळी आणि रोज चालणं.”

“अन् चहा?”

“डबा सुनेकडे द्या.”

त्यांच्यामागे गटातल्या सगळ्या बायका रांगेला लागल्या. सगळ्यांची कंबर काही कमी झाली नव्हती. तीन महिन्यांत होतही नाही. लाल पेनानं लिहिलेली थोडी नावं निळ्यात आली, बरीच लालच राहिली. पण पुन्हा मोजून घ्यायला सगळ्या आल्या, आणि माझ्या कामात तेच आधी लागतं.

मावशींची गोळी चालू आहे. टाच भरली. दर महिन्याला मी जाते, शुगर लिहिते, कंबर लिहिते आणि शेवटी त्यांच्याच आग्रहावरून केलेल्या कॉलममध्ये लिहिते: ‘बोटे – दहा.’

साखर वेगळी ठेवण्याची कल्पना टीएचओ साहेबांनी जालन्याच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये मांडली. स्लाइडवर स्टीलच्या डब्याचा फोटो होता. सगळ्यांना पसंत पडली. मग चहा आला. मोठ्या थर्मासातून, साखर घालूनच, सोबत दोन बिस्किटं. चाळीस आरोग्य कर्मचारी आणि अधिकारी बसले होते. नको कुणीच म्हणालं नाही. मीही नाही.

त्या दिवशी वहीत दोन नोंदी केल्या. पहिली: माणसाला नको म्हणायला शिकवण्यापेक्षा डबा वेगळा ठेवणं सोपं आहे, पण तो आधी ऑफिसात ठेवावा. दुसरी: वजन करताना पिशवी खाली ठेवावी.